मानेचा एक्स-रे: ट्यूबचा कोन किती आणि का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या ओपीडींमध्ये मान आखडलेल्यांची रांग कधी संपत नाही. डोक्यावर ओझं वाहणारे माथाडी, तासन् तास लोकलमध्ये उभे राहणारे, दिवसभर स्क्रीनपुढे मान घालून बसणारे असे सगळे त्या रांगेत असतात. केसपेपरवर बहुतेक वेळा ‘सर्व्हायकल स्पाइन एपी-लॅटरल’, म्हणजे मानेच्या मणक्यांचा समोरून आणि बाजूने एक्स-रे, एवढंच लिहिलेलं असतं. किरण सोडणाऱ्या ट्यूबला कोन किती द्यायचा हे कुणी लिहून देत नाही, ते टेक्निशियननेच ठरवायचं असतं. रेडिओग्राफीचे विद्यार्थी आणि नव्याने कामाला लागलेले टेक्निशियन याबद्दल जे प्रश्न नेहमी विचारतात, ते इथे घेतले आहेत. पेशंटच्या कामाचेही काही प्रश्न शेवटाकडे आहेत.

एपी व्ह्यूला १५ अंश द्यायचे की २०?

दोन्ही बरोबर आहेत, फक्त पेशंट वेगळा. कोन डोक्याच्या दिशेने द्यायचा. टेबलवर उताणा झोपलेल्या पेशंटला साधारण १५ अंश आणि उभ्या किंवा बसलेल्या पेशंटला २० अंश. झोपल्यावर मानेचा पुढचा बाक थोडा कमी होतो, म्हणून कोनही कमी लागतो.

हे सुरुवातीचे आकडे झाले. दुखण्याने मान आखडून सरळसोट झाली असेल, तर २० अंश जास्त होतात. पाठीला पोक आलेल्या वयस्कर बाई समोर बघण्यासाठी मान वर उचलून धरतात. त्यांच्या मानेचा बाक वाढलेला असतो आणि २० अंशही अपुरे पडतात. मशीनवर कोनाचा आकडा वाचता येतो, पण तो ठरतो पेशंटच्या मानेवरून. म्हणून पेशंट आत आला की आधी त्याला बाजूने पाहून घ्या.

कोन दिलाच नाही तर काय बिघडतं?

मानेच्या मणक्यांमधल्या चकत्या आडव्या सपाट नसतात. त्यांची पुढची कड खाली आणि मागची कड वर असते. शिवाय प्रत्येक मणक्याचा पुढचा खालचा ओठ खालच्या मणक्यावर किंचित लोंबतो. किरण समोरून सरळ आत गेले, तर वरच्या मणक्याची पुढची कड खालच्या चकतीवर पडते आणि फिल्मवर ती फट बंद दिसते. चकती झिजल्यामुळेही फट बंद दिसतेच. मग रिपोर्ट करणाऱ्या डॉक्टरांपुढे प्रश्न उभा राहतो, की झीज खरी आहे की कोन चुकला?

किरण गळ्याच्या बाजूने खालून आत शिरून मानेमागे वरच्या बाजूला बाहेर पडले, की ते चकतीच्या उताराला समांतर जातात आणि फट उघडते. चांगल्या एपी फिल्मवर सी-३ पासून टी-१, टी-२ पर्यंतच्या (सी म्हणजे मानेचे सात मणके, टी म्हणजे त्याखालचे पाठीचे) फटी मोकळ्या दिसतात. कोन प्रमाणाबाहेर गेला तर फटी पुन्हा मिटतात आणि मणके ताणल्यासारखे लांब दिसू लागतात.

कोन अंदाजाने न ठरवता मोजून ठरवता येतो का?

येतो, आणि आमच्या मते हीच सगळ्यात चांगली पद्धत आहे. मारामारी, पडणं, अपघात असं काही नसलेल्या पेशंटचा लॅटरल आधी घ्या. डिजिटल मशीनच्या कन्सोलवर कोन मोजायचं साधन असतंच. लॅटरलच्या इमेजवर सी-५ आणि सी-६ यांच्या मधल्या फटीतून एक रेघ काढा आणि तिचा आडव्या रेघेशी किती कोन होतो ते बघा. एपीला ट्यूब तेवढीच झुकवा.

दोन गोष्टी मात्र सांभाळायला हव्यात. लॅटरल उभ्याने घेतला असेल तर एपीही उभ्यानेच घ्या, नाहीतर मधल्या काळात मानेचा बाकच बदलतो. दुसरं म्हणजे एपीसाठी हनुवटी उचलली की वरचे मणके हलतात. त्यामुळे हे मोजमाप सी-४ च्या खालच्या मणक्यांसाठी जास्त भरवशाचं आहे. सुदैवाने झीज बहुतेकदा तिथेच, सी-५, सी-६, सी-७ च्या आसपास शोधायची असते.

एपीला हनुवटी किती वर ठेवायची?

वरच्या पुढच्या दातांची खालची कड आणि कवटीचा खालचा भाग, म्हणजे कानामागच्या हाडाचं टोक, यांना जोडणारी काल्पनिक रेघ डिटेक्टरला (किरण टिपणाऱ्या फलकाला) काटकोनात आली पाहिजे. हनुवटी खाली राहिली तर जबड्याचं हाड सी-३ वर येतं. फार वर गेली तर मागून कवटी खाली उतरते आणि वरचे मणके झाकते. चुकीच्या फिल्मवर वरच्या मणक्यांवर काय पडलंय, जबडा की कवटी, हे आधी ओळखा. त्यावरूनच दुरुस्तीची दिशा कळते.

पेशंटला ‘मान वर करा’ म्हटलं की तो छताकडे बघतो. त्याऐवजी ‘समोरच्या भिंतीवर जरा वर बघा’ म्हणा, नाहीतर दोन बोटांनी हनुवटीला हलका आधार देऊन हवी तिथे थांबवा.

ट्यूब झुकवली, सेंटरिंगही (मधल्या किरणाचा नेम) कंठमण्याखाली केलं, तरी फिल्म वरून कापली जाते. असं का?

कॅसेट किंवा बकी (कॅसेट-डिटेक्टर धरणारा सरकता ट्रे) सरकवायची राहिली असणार. किरण तिरके जातात, त्यामुळे ते गळ्यावर जिथे शिरतात त्याच्या समोर बाहेर पडत नाहीत, वर सरकून पडतात. गळ्याच्या कातडीपासून डिटेक्टरपर्यंत १८ सेंमी अंतर धरलं, तर १५ अंशाला ही सरक जवळजवळ ५ सेंमी होते आणि २० अंशाला साडेसहा सेंमी. तेवढी बकी डोक्याकडे सरकवायची. ट्यूब आणि बकी एकमेकांना जोडून फिरणारी मशीन हे स्वतः करते, जुन्या मशीनवर ते हाताने करावं लागतं.

अंतराचंही तसंच आहे. ट्यूब १०० सेंमी उंचीवर ठेवून नुसती झुकवली की किरणांचा तिरका मार्ग १०० पेक्षा लांब होतो. मधल्या किरणाच्या रेघेत १०० सेंमी ठेवायचे असतील, तर १५ अंशाला ट्यूबची उभी उंची साधारण ९७ सेंमी आणि २० अंशाला ९४ सेंमी हवी.

आणि ग्रिड, म्हणजे विखुरलेले किरण अडवणारी बारीक पट्ट्यांची जाळी. झुकाव ग्रिडच्या पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेनेच असला पाहिजे. सुटी ग्रिड घाईत आडवी लावली गेली, तर पट्ट्याच किरण अडवतात आणि इमेज फिकी, दाणेदार येते. अशा वेळी लोक एमएएस (किरणांचं प्रमाण) वाढवतात. दोष ग्रिडचा आणि डोस मात्र पेशंटला, हे थांबायला हवं.

लॅटरलला कोन शून्य, मग ट्यूब १८० सेंमी लांब का नेतात?

खांदा मध्ये येतो म्हणून. मान डिटेक्टरला टेकूच शकत नाही. ती २५ सेंमी लांब राहिली असं धरा. १०० सेंमीवरून घेतलं तर इमेज १.३३ पट मोठी येते आणि कडा पुसट होतात. १८० सेंमीवरून तीच १.१६ पट येते आणि कडा रेखीव राहतात. मात्र एवढ्या अंतरावर एमएएस सव्वातीन पट लागतं. मधल्या हवेच्या पोकळीत विखुरलेले बरेच किरण बाजूला निघून जातात, त्यामुळे बारीक मानेच्या पेशंटला ग्रिडशिवायही चालतं.

सेंटरिंग सी-४ वर, म्हणजे कंठमण्याच्या वरच्या कडेच्या पातळीवर. हनुवटी किंचित पुढे काढायला सांगा, म्हणजे जबडा सी-१, सी-२ वरून हटतो.

सी-७ दिसतच नाही. काय करू?

लॅटरल पुन्हा घ्यावा लागण्याचं हे नेहमीचं कारण आहे. सातही मणके आणि टी-१ ची वरची कड दिसल्याशिवाय लॅटरल पूर्ण होत नाही. वरून सी-२ ची सुळ्यासारखी दांडी ओळखा आणि तिथून खाली मोजत या. अंदाजाने ‘दिसतोय सगळा’ म्हणू नका. सहा मणके दिसणारी फिल्म झटकन बघताना पूर्ण वाटते.

उपाय सोप्याकडून अवघडाकडे जा. पेशंटला स्टुलावर बसवा, उभ्यापेक्षा बसलेल्याचे खांदे सैल पडतात. मग श्वास पूर्ण सोडायला सांगा आणि श्वास संपल्यावर एक्सपोजर द्या. श्वास भरला की खांदे वर येतात, सोडला की दोन्ही खाली बसतात. एवढ्यानेही नाही जमलं तर दोन्ही हातांत सारखं वजन द्या, प्रत्येकी दोन ते साडेचार किलो. वाळूच्या पिशव्या नसतील तर दोन लिटरच्या भरलेल्या पाण्याच्या बाटल्या चालतात, प्रत्येकी दोन किलो होतात. वजन एकाच हातात देऊ नका, मान वाकडी होते. वजन पेलायला पेशंटने खांदे उचलले तर उलटंच होतं, म्हणून ‘हात लोंबू द्या, उचलू नका’ हे सांगायलाच हवं. मणक्याला मार लागल्याची शंका असेल तर वजनही नाही आणि हात ओढणंही नाही.

ओझं वाहणाऱ्यांचे आणि व्यायाम करणाऱ्यांचे खांदे इतके भरलेले असतात की वजनानेही सी-७ उघडा पडत नाही. मग स्विमर्स व्ह्यू. डिटेक्टरकडचा हात डोक्यावर, ट्यूबकडचा खांदा जमेल तेवढा खाली. सेंटरिंग टी-१ वर, समोरून गळ्याच्या खळगीच्या साधारण अडीच सेंमी वर. किरण सरळ. ट्यूबकडचा खांदा पुरेसा खाली गेला नसेल तर पायाकडे ३ ते ५ अंश. इथे हाडं आणि स्नायूंचा थर जाड असतो, म्हणून केव्ही (किरणांची भेदकता ठरवणारं व्होल्टेज) वाढवावा लागतो.

ऑब्लिकला (शरीर तिरकं वळवून घ्यायच्या व्ह्यूला) कोन वर की खाली, हे नेहमी विसरायला होतं.

पाठांतर केलं की विसरायला होतंच. हाडाची रचना लक्षात ठेवा, दिशा आपोआप सुचते. मज्जातंतू ज्या छिद्रांतून बाहेर पडतात ती छिद्रं मध्यरेषेपासून ४५ अंश पुढे-बाहेर उघडतात आणि साधारण १५ अंश खाली झुकलेली असतात. म्हणजे छिद्राचं पुढचं तोंड खाली आणि आतलं वर.

किरण पुढून शिरत असतील, म्हणजे पेशंटची पाठ डिटेक्टरकडे असेल, तर ते चढत गेले पाहिजेत. म्हणून डोक्याकडे १५ ते २० अंश. तेव्हा डिटेक्टरपासून लांबच्या बाजूची छिद्रं दिसतात. किरण पाठीमागून शिरत असतील, म्हणजे पेशंटचं तोंड डिटेक्टरकडे असेल, तर ते उतरत गेले पाहिजेत. म्हणून पायाकडे १५ ते २० अंश. तेव्हा डिटेक्टरजवळच्या बाजूची छिद्रं दिसतात.

जमत असेल तर दुसरी पद्धत वापरा. तोंड डिटेक्टरकडे असलं की थायरॉइड ट्यूबपासून लांब राहतं आणि त्याला कमी डोस बसतो.

मार्कर लावताना एक कळकळीची विनंती: कोणती बाजू डिटेक्टरला लागली आणि पेशंट कुणीकडे तोंड करून होता, दोन्ही नोंदवा. ते नसेल तर उजव्या हाताला मुंग्या येणाऱ्या माणसाच्या डाव्या छिद्रांचा रिपोर्ट निघू शकतो.

ऑब्लिकमध्ये छिद्रं बारीक दिसतात. आजार की पोझिशन?

आधी पोझिशन तपासा. शरीर ४५ अंशांपेक्षा कमी वळलं असेल तर सगळीच छिद्रं अरुंद दिसतात. जास्त वळलं तर छिद्रं बिघडतात आणि मागचे छोटे सांधे उघडायला लागतात, जे खरं तर लॅटरलमध्ये दिसायचे असतात. वळण बरोबर आहे पण चकतीच्या फटी मिटलेल्या आहेत, असं असेल तर ट्यूबचा कोन चुकलाय. आजाराने अरुंद झालेलं छिद्र सहसा एखाद-दोन पातळ्यांवर असतं, वरखालची छिद्रं मोकळी असतात. वरपासून खालपर्यंत सगळी सारखीच बारीक दिसली तर संशय पोझिशनवर घ्या.

डोकं शरीराबरोबरच वळवायचं. खांदे वळलेले आणि तोंड समोर राहिलं, तर वरचे मणके वेगळ्या कोनात जातात आणि अर्ध्याच छिद्रांची इमेज चांगली येते.

ओपन माउथ व्ह्यूत दात किंवा कवटी मध्ये येते.

सी-१ आणि सी-२ उघड्या तोंडातून बघायचा हा व्ह्यू. इथे किरण सरळ, शून्य अंश, उघड्या तोंडाच्या मधोमध. पुन्हा तीच रेघ: वरच्या दातांची खालची कड आणि कवटीचा तळ डिटेक्टरला काटकोनात. तोंड उघडल्यावर डोकं हलतं, म्हणून आधी डोकं लावून घ्या, शेवटच्या क्षणी फक्त खालचा जबडा उघडायला लावा.

सी-२ च्या दांडीवर दात आले तर हनुवटी थोडी वर घ्या. ते जमत नसेल तर ट्यूब किंचित डोक्याकडे. कवटी आली तर हनुवटी थोडी खाली, किंवा ट्यूब किंचित पायाकडे. दात आणि कवटी दोन्ही एका रेघेत येऊन दांडीचं टोक तेवढं झाकलं गेलं असेल, तर पोझिशन बरोबरच आहे. त्या पेशंटमध्ये याहून चांगलं येणार नाही, तेव्हा पुन्हा पुन्हा किरण मारू नका.

कवळी काढायला विसरू नका. एक्सपोजरच्या वेळी ‘आ’ म्हणायला सांगा, जीभ खाली बसते. पुढच्या दोन दातांमधली फट दांडीवर उभ्या काळ्या रेघेसारखी पडते आणि फ्रॅक्चरचा भास होतो. संशय आला तर ती रेघ दांडीच्या कडेबाहेर जाते का बघा. बाहेर गेली तर ती हाडाची नव्हे.

पडलेला, अपघात झालेला पेशंट असेल तर?

मान हलवायची नाही. कॉलर काढायची नाही. पेशंट स्ट्रेचरवर आहे तसाच, किरण आडवे, क्रॉस-टेबल लॅटरल सगळ्यात आधी. तो डॉक्टरांनी बघेपर्यंत पुढचा व्ह्यू घेऊ नका. मोठा मार असेल तर प्रौढांमध्ये सीटीच करतात, साध्या एक्स-रेवर अवलंबून राहत नाहीत.

ऑब्लिक हवाच असेल तर पेशंटला न वळवता ट्यूब वळवायची: बाजूने ४५ अंश आणि डोक्याकडे १५ अंश. दोन दिशांनी कोन असल्यामुळे ग्रिड काढून ठेवा, नाहीतर पट्ट्या किरण खातात. इमेज ताणलेली येते, पण छिद्रं आणि मागचे सांधे समजतात.

पुढे-मागे वाकवून घ्यायचे लॅटरल अशा पेशंटला डॉक्टरांच्या परवानगीशिवाय कधीही नाहीत. इतर पेशंटमध्येही मान त्याने स्वतः वाकवायची, आपण हात लावून ढकलायची नाही. सांधेदुखीच्या जुन्या पेशंटमध्ये सी-१ आणि सी-२ च्या दांडीमधलं अंतर बघायला हे व्ह्यू घेतात. प्रौढांत ते ३ मिमीपर्यंत ठीक असतं, मुलांत ५ मिमीपर्यंत.

घशात माशाचा काटा अडकलाय. कोणता व्ह्यू?

बोंबील, बांगडा, हलव्याच्या या शहरात हा प्रश्न येतोच. गळ्याच्या मऊ भागाचा लॅटरल, कोन शून्य, अंतर १८० सेंमी, एक्सपोजर हाडाच्या लॅटरलपेक्षा हलकं. हनुवटी थोडी वर, आणि नाकाने हळूहळू श्वास आत घेत असताना फिल्म. श्वास सोडताना किंवा गिळताना घेतली तर मणक्यांपुढचा मऊ भाग जाड दिसतो आणि सूज असल्याचा गैरसमज होतो. प्रौढांत हा भाग सी-२ समोर साधारण ६ मिमी आणि सी-६ समोर २२ मिमीपर्यंत धरतात.

बरेच काटे एक्स-रेवर दिसतच नाहीत. उलट स्वरयंत्राच्या कूर्चेत साठलेलं कॅल्शियम काट्यासारखं दिसतं. म्हणून फिल्म स्वच्छ आली तरी टोचणं चालू असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायलाच हवं. काटा खाली ढकलायला भाताचा गोळा किंवा केळं गिळू नका, तो आणखी रुततो.

लहान मुलाने नाणं गिळलं असेल तर एपी आणि लॅटरल दोन्ही घ्या. अन्ननलिकेतलं नाणं एपीवर सहसा पूर्ण गोल दिसतं. त्या गोलाच्या आत दुसरी कड दिसली तर ती बटन बॅटरी असू शकते. ताबडतोब डॉक्टरांना कळवा, ती थोड्या तासांत अन्ननलिका जाळते.

मंगळसूत्र काढायलाच हवं का?

हो. मण्यांची रांग नेमकी खालच्या मणक्यांवर पडते. काही जणींना ते काढणं मनाला लागतं, हे समजून घ्या. आतल्या खोलीत, शक्यतो बाई कर्मचाऱ्याने, कशासाठी ते सांगून विचारावं. काढलेलं त्यांच्याच हातात किंवा नातेवाइकांच्या हातात द्या, टेबलवर ठेवू नका. कानातली, नथ, अंबाड्याचा आकडा, पिना, गंडा-ताईत आणि ब्लाऊजच्या पाठीचे हूक हेही बघा. अंबाडा सैल करून वर बांधला नाही तर ओपन माउथमध्ये तो ढगासारखा उमटतो.

पेशंट विचारतात: किती किरण लागतात? गळ्यावर शिशाचा पट्टा का नाही बांधला?

मानेच्या एक्स-रेचा डोस साधारण ०.२ मिलिसिव्हर्ट धरतात. निसर्गातून जगभरात सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतो, म्हणजे हा साधारण महिनाभराच्या नैसर्गिक डोसाएवढा. थायरॉइड नेमकं जिथे बघायचं तिथेच आहे, म्हणून पट्टा बांधला तर मणकेच झाकले जातील. त्याचं खरं रक्षण कोलिमेशन (किरण पडण्याचं क्षेत्र) घट्ट ठेवण्यात आणि फिल्म पहिल्यांदाच बरोबर घेण्यात आहे. गरोदर असाल तर आधी सांगा. किरण पोटापासून लांब असतात, पण हा एक्स-रे आत्ता लागतो का, ते डॉक्टरांना ठरवू द्या.

पेशंटला धरायची वेळ आली तर एप्रन घालून नातेवाइकांनी धरावं, रोज तोच टेक्निशियन नको. अणुशक्तीनगरच्या अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमानुसार कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३० ही मर्यादा आहे. टीएलडी बॅज (डोस मोजणारा बिल्ला) एप्रनच्या आत, छातीवर लावा. खिशात किंवा ड्रॉवरमध्ये पडलेला बॅज काहीच मोजत नाही.

सगळं बरोबर करूनही आमच्या मशीनवर फटी उघडत नाहीत.

ट्यूबवरची कोनाची पट्टी तपासा. जुन्या मशीनचा काटा सैल होऊन सरकतो. ट्यूब शून्यावर आणा, कोलिमेटरच्या सपाट तोंडाला स्पिरिट लेव्हल किंवा मोबाइलमधली लेव्हल लावा आणि बघा. मग १५ वर नेऊन पुन्हा बघा. पाच अंशांची चूक म्हणजे १०० सेंमीवर जवळपास पावणेनऊ सेंमीची सरक. दिव्याच्या उजेडाने सेंटरिंग केल्यामुळे ती लक्षात येत नाही, पण किरणांची दिशा चुकलेलीच राहते. चूक सापडली तर इंजिनिअर येईपर्यंत ट्यूबवर चिकटपट्टी लावून ‘१५ साठी काटा इथे’ अशी खूण करा आणि रात्रपाळीच्या माणसालाही दाखवून ठेवा.